लोटूआप्पांचं फटाणं

मालतीबाईंचं तोंड हे सुरतच्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत एक नावाजलेलं प्रकरण होतं. पाण्याचा टँकर उशिरा आला की बाया आधी मालतीबाईंच्या दाराची कडी वाजवत आणि मग टँकरवाल्याला फोन करत. भांडणात त्या ओरडायच्या नाहीत. पदर खोचून, शांतपणे, हसत हसत असं काही बोलायच्या की समोरचा तिथल्या तिथे गार व्हायचा आणि आजूबाजूचे पोट धरून हसायचे. नवरा भाईदास यंत्रमागाच्या कारखान्यात मास्तर. दिवसभर खटखट ऐकून त्यांना घरी शांतता हवी असायची, ती काही त्यांना मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांची तक्रारही नव्हती.

आणि अशी ही बाई मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेली ती ठार मुकी होऊन बसली!

झालं असं की मुलगी हर्षदा एका ऑफिसात साड्यांची डिझाइनं कंप्युटरवर काढायची. तिथेच निकुंज भेटला, कतारगामचा, काठियावाडी पटेलांचा, घरात हिरे घासायचा छोटा कारखाना. दोन्ही घरांनी वर्षभर तोंडं फुगवून पाहिली आणि शेवटी हो म्हटलं. मग कतारगामला जाणं आलं. आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं सुरतेत राहून बाईला गुजराती येत नाही? नव्हती येत. लिंबायतपासून गोडादऱ्यापर्यंत अर्धा खानदेश येऊन वसलाय. भाजीवाला नंदुरबारचा, डॉक्टर धुळ्याचा, पिठाच्या गिरणीवालीशी तर सरळ अहिराणीत बोलायचं. बाजारात हिंदी चालायची. गुजराती कानाला कळायची, पण जिभेवर यायची गरजच पडली नव्हती.

कतारगामच्या त्या दिवाणखान्यात ती गरज पडली. निकुंजची आई समजुबेन एकेक विचारत होत्या, हर्षदा मराठीत सांगत होती, मालतीबाई मराठीत उत्तर देत होत्या आणि हर्षदा ते गुजरातीत नेऊन पोचवत होती. पोचवत कसलं, वाटेत सगळं सांडत होती! मालतीबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, तुमच्या खमणाला आमच्या मिरचीची ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर बिचारं पोरकं वाटतं." हर्षदाने सांगितलं, "मम्मी म्हणते, खमण छान झालंय." समजुबेननी मान डोलावली. मालतीबाईंनी आणखी दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा 'छान झालंय'च पलीकडे गेलं. मग त्यांनी तोंड मिटून घेतलं.

निघताना त्या स्वयंपाकघरात पेला ठेवायला गेल्या, तेव्हा समजुबेन जावेला सांगत होत्या, "वेवाण बहु सीधां छे, कांई बोलतां ज नथी." विहीण फार गरीब आहे, बोलतच नाही काही. बोलण्यात कौतुकच होतं, कुचकेपणा नावाला नव्हता. पण मालतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गरीब म्हणे!" रिक्षात बसल्या बसल्या त्या भाईदासांवर उखडल्या. "मी गरीब? उद्या माझ्या पोरीला कुणी काही बोललं तर म्हणतील, हिची आई तर मुकीच आहे, तिला काय सांगायचं!"

"मग शिकून घे गुजराती," भाईदास म्हणाले.

ते सहज बोलून गेले होते. मालतीबाईंनी ते मनावर घेतलं.

खालच्या मजल्यावर रमीलाबेन राहायच्या. दोघी मिळून साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायच्या. दुपारी पंखा बंद करायचा, नाहीतर खडे उडतात, आणि घामाघूम होत साडीवर वाकायचं. तिथेच मालतीबाईंची शाळा सुरू झाली. एका हातात डिंकाची नळी, दुसऱ्या हातात खडा. त्यांनी रमीलाबेनना सरळ सांगितलं, "ते लोक मला काय काय विचारतील ते तू विचार. मी काय म्हणायचं तेही तूच सांग." मग रमीलाबेन समजुबेन व्हायच्या. तब्येत कशी आहे? मजामां. प्रवासात त्रास झाला का? ना रे ना. चहा घेणार? थोडोक. मालतीबाईंची जीभ पहिल्यापासून तयारीची. आठवड्याभरात त्या उत्तरं फडाफड द्यायला लागल्या. साखरपुड्याला त्यांनी कतारगामच्या चार बायांना चार उत्तरं अशी दिली की हर्षदा आ वासून बघत राहिली. समजुबेन खूश झाल्या. पण का कोण जाणे, दोन वाक्यं झाली की त्या पुन्हा हर्षदाकडे वळायच्या आणि तिलाच विचारायच्या. मालतीबाईंना वाटलं, अजून थोडा सराव पाहिजे.

लग्नाच्या आदल्या दिवशी कतारगामहून फोन आला. निकुंजची थोरली आत्या, जिला सगळं घर फईबा म्हणायचं, ती बोलत होती. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र ढोलासारखा. तिने विचारलं, तुमच्याकडून कोण कोण मोठी माणसं येणार? नावं सांगा. आणि कुणाला काय आवडतं, कुणाची काय सवय, तेही सांगा.

मालतीबाईंना आकाश ठेंगणं झालं. आपल्याकडे लग्नात मानपान असतो. माइकवरून नाव पुकारायचं आणि टॉवेल-टोपी द्यायची. एखादं नाव राहिलं तर तो माणूस मरेपर्यंत रुसतो. त्यांना वाटलं, वा रे वा, या लोकांनी आपली रीत समजून घेतली! मानपानासाठी नावं विचारतायत, आवडीनिवडी विचारतायत! त्यांनी मानाप्रमाणे क्रमाने नावं सांगितली. सगळ्यात पहिलं नाव थोरल्या भावाचं, लोटूआप्पांचं. मुलीचा मामा तो. वडील लवकर गेले तेव्हा याच भावाने मालतीबाईंना वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्याच्याबद्दल सांगताना त्यांची गुजराती धबधब्यासारखी वाहायला लागली. मिश्या मोठ्या आहेत, पीळ देऊन ठेवतो. गोडाचं वेड आहे. लाडू असले की दोन खिशात घालून नेतो, लहान पोरासारखा! पलीकडून फईबा खो खो हसली आणि म्हणाली, "बस, बस, आटलुं बहु थयुं." एवढं पुष्कळ झालं. फोन ठेवून मालतीबाई भाईदासांना म्हणाल्या, "बघा, सगळं गुजरातीत बोलले. एकही शब्द अडला नाही." भाईदासांनी ताटातले लाडू मोजायचं सोडून बायकोचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी गोडादऱ्यातल्या लग्नाच्या वाडीत मांडव भरला. वैशाखातलं ऊन, पंखे गरम वारा फेकत होते. शिरपूरकडून दोन क्रूझर भरून पाहुणे आले होते. लोटूआप्पा नव्या धोतरात, भगव्या फेट्यात, मिश्यांना तेल लावून पहिल्या रांगेत बसले होते. कतारगामची जान, म्हणजे वरात, वाजत गाजत आली. निकुंज मांडवात बसला. आता मामाने हर्षदाला हाताला धरून आणायचं, मग पुढचे विधी. ही रीत दोन्हीकडे सारखीच होती, त्यामुळे ठरवताना कुणाला वादच घालावा लागला नव्हता.

तेवढ्यात कतारगामच्या बाया एका बाजूला घोळका करून बसल्या. मधोमध फईबा. तिच्या हातात माइक. तिने घसा खाकरला आणि सुरू केलं,

"लोटूमामा आव्या रे, मोटी मूछ लाव्या रे,
खिस्सामां लाडवा घाली छानामाना चाल्या रे!"

मागून सगळ्या बायांनी टाळ्या वाजवत तीच ओळ उचलली. पोरी उठून नाचायला लागल्या. कुणीतरी हाताने मिश्यांना पीळ दिल्याची नक्कल केली. एवढी गुजराती शिरपूरच्या पोरासोरालाही कळण्यासारखी होती. मामा मोठ्या मिश्या घेऊन आला आणि खिशात लाडू घालून चोरासारखा पळाला!

मालतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अरे देवा, ही तर फटाणी! गुजरात्यांच्या लग्नात बाया व्याह्यांना चिडवतात ती गाणी! रमीलाबेनकडून कधीतरी कानावर आलं होतं, पण ते आपल्या अंगणात, आपल्या भावावर येईल असं कुठे वाटलं होतं? आणि मसाला कुणी पुरवला? आपणच! क्रमाने, प्रेमाने, एकही शब्द न अडता.

तसं खानदेशातही हळदीला बाया विहिणीची खेचतात. विहिणीला काय हवं ते म्हणा. पण मामाच्या वाटेला कुणी जात नाही. लोटूआप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. त्यांनी उजवा हात हळूच कुडत्याच्या खिशावर ठेवला आणि उठून चालायला लागले. मागोमाग शिरपूरची सगळी रांग उठली. कतारगामच्या बायांना वाटलं, मंडळी जेवायला निघाली. त्यांनी आणखी जोरात टाळ्या धरल्या.

मालतीबाई धावत बाहेर आल्या तेव्हा लोटूआप्पा क्रूझरमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. काच वर.

"आप्पा, उतर खाली. पोर वाट बघतेय."

काच थोडी खाली आली. "मन्हं नाव त्यास्ले कोनी सांगं?"

मालतीबाईंना खोटं बोलता आलं असतं. हर्षदाचं नाव घेतलं असतं तर भाचीवरचा राग आप्पांनी गिळलाही असता. पण त्या म्हणाल्या, "मी सांगितलं. मला वाटलं मानपानाला विचारतायत."

"लाडूचंबी तूच सांगं?"

"तेही मीच सांगितलं."

आप्पांचे डोळे भरले होते आणि ते बहिणीला दिसू नयेत म्हणून ते समोर ड्रायव्हरच्या आरशाकडे बघत होते. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण, तिने चारचौघांत आपल्याला चोर ठरवलं! मालतीबाईंनी हात जोडले, शपथ घातली, ही त्यांची गंमत असते, मनावर घ्यायचं नसतं, असं परोपरीने सांगितलं. आप्पांनी एकच उत्तर दिलं. "गंमत व्हती तर तू कसाले गप बसनी? तुन्हा भाऊले हसनात आन् तू खाली मुंडी घालीसन उभी ऱ्हायनी. तू अशी कधी व्हती?"

हे मात्र मालतीबाईंच्या काळजात घुसलं. खरंच की! गोडादऱ्यात टँकरवाल्याची बोबडी वळवणारी बाई, आणि तिच्या भावावर गाणं झालं तेव्हा तिला एक शब्द सुचला नव्हता. आतून ब्राह्मणाची हाक आली, कन्येला आणा. हर्षदा खोलीत नटून बसली होती आणि मामाशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. भाईदास दारात उभे राहून एकदा गाडीकडे आणि एकदा मांडवाकडे बघत होते.

मालतीबाईंनी पदर खोचला आणि तरातरा आत गेल्या. घोळका चिरून थेट फईबासमोर उभ्या राहिल्या. मनात होतं की म्हातारीला चांगलं खडसवावं. पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं की रमीलाबेनच्या शाळेत खडसवायचं शिकलोच नाही. मजामां. ना रे ना. थोडोक. सगळी उत्तरंच पाठ! समोरच्याने विचारायचं आणि आपण सांगायचं, एवढीच आपली गुजराती. मुलीकडचे म्हणून खालमानेने. बाईंना स्वतःचाच असा संताप आला की तो गिळता गिळता ठसका लागला.

फईबाने पाण्याचा पेला पुढे केला. मालतीबाईंनी तो बाजूला सारला आणि एकेक शब्द जमवत विचारलं, "वरराजाना मामानुं नाम शुं?"

फईबाने कानामागे हात धरला.

"नाम शुं? अने एमनी खोड शुं?" आता आवाज चढला होता. "तमारी खोड शुं? समजुवेवाणनी खोड शुं? बोलो!"

आणि मग काय सांगू तुम्हाला, त्या म्हातारीने माइक खाली ठेवला, मालतीबाईंचे दोन्ही गाल धरले आणि ओरडली, "हाश! छेवटे पूछ्युं!" एकदाचं विचारलंत! "में फोन कर्यो, तमे सामुं पूछ्युं ज नहीं!"

सगळा उलगडा तिथे झाला. रीतच अशी होती की एकीने फोन करून नावं आणि खोडी विचारायच्या आणि लगेच दुसरीने उलट विचारायचं. फईबा काल बिचारी फोन कानाला लावून थांबली होती की आता ही विचारेल, मग विचारेल. मालतीबाईंनी आभार मानून फोन ठेवला. फईबाला वाटलं, या मराठी बाईला आपल्याशी खेळायचंच नाही. मान्य आहे, ते तिलाही लागलंच होतं. मग तिने राग काढला गाण्यात, आणि जरा जास्तच मसाला पडला.

आता मात्र ती मालतीबाईंच्या कानाला लागली. वराच्या मामाचं नाव वल्लभभाई. केसांना कलप लावतो आणि उन्हात फिरत नाही. आणखी बरंच काही तिने सांगितलं, आपल्याच माणसांच्या खोडी, एकेक करून, डोळे मिचकावत. मालतीबाईंनी माइक उचलला. आवाज त्यांचा कधीच गोड नव्हता, पण कारखान्यातल्या मागांच्या वरून ऐकू जाईल असा होता.

"वल्लभमामा आव्या रे, काळा केस लाव्या रे,
घाम आव्यो त्यां तो धोळा पाछा आव्या रे!"

धोळा म्हणजे पांढरे, तेवढं आठवलं; पण केसांना आणि घामाला गुजरातीत वेगळे शब्द आहेत. ते ऐन वेळी पळाले, म्हणून मराठीच घातले. कुणाचं काही अडलं नाही. सगळ्या मांडवाने वळून वल्लभमामांकडे पाहिलं. बिचाऱ्यांच्या कानशिलावरून खरोखरच काळा ओघळ निघाला होता. त्यांनी रुमालाने पुसला, रुमाल काळा झाला, तो त्यांनी झेंड्यासारखा वर धरून हलवला आणि असे हसले की खुर्चीवरून घसरले. कतारगामच्या बाया किंचाळल्या. पोरींनी मालतीबाईंना मध्ये घेतलं. आणि मालतीबाई सुटल्या! समजुबेनवर एक, फईबाच्या गुडघ्यांवर एक, निकुंजच्या सेल्फ्यांवर एक. अर्धी गुजराती, पाव मराठी, आणि जिथे काहीच जमेना तिथे अहिराणी.

बाहेर लाउडस्पीकर होताच. लोटूआप्पा दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा फेटा हातात होता. त्यांनी काळा रुमाल हलवणाऱ्या माणसाकडे पाहिलं.

"हाऊ कोन शे?"

"वराचा मामा," मालतीबाई धापा टाकत म्हणाल्या.

"मामाले म्हनं तू? आन् तो हसी ऱ्हायना?"

"हसतोय, आप्पा. बघ ना."

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फेटा डोक्यावर चढवला, मिश्यांना पीळ दिला आणि म्हणाले, "तू एक लाडू कमी सांगा व्हता. खिसामा तीन ऱ्हातस." आणि भाचीला आणायला आत गेले. मालतीबाईंच्या जिवात जीव आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

हर्षदा मामाचा हात धरून मांडवात आली, पाटावर बसली, अंतरपाट दूर झाला, हार पडले. ब्राह्मण पुढचं साहित्य मांडत होता तेवढ्यात समजुबेन कंबरेवर हात ठेवून मालतीबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्यावरच्या गाण्यात हे काय म्हणालात, मी टीव्हीचा रिमोट उशीखाली ठेवून झोपते? हे तुम्हाला कुणी सांगितलं? एका दमात, भरधाव काठियावाडीत, कुठेही न थांबता. मालतीबाईंना निम्मं कळलं. निम्म्याचा अंदाज घेऊन त्याही सुरू झाल्या, आणि दोघी विहिणींचे हात हवेत उडायला लागले.

पाटावरून हर्षदाने सवयीने मान वळवली. "मम्मी, त्या म्हणतायत की—"

"तुं चूप रहे," समजुबेन मागे न बघताच म्हणाल्या. "अमे बे वेवाण वात करीए छीए."